कच्च्या हिऱ्याचं गाव

मिरा रोडच्या हाटकेश भागातल्या हिऱ्याच्या गाळ्यांमध्ये माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जायची. सकपाळला पुडी उघडावीसुद्धा लागत नाही, बंद पुडी नाकाशी धरली की तो आतल्या हिऱ्याचा देश सांगतो. ही गोष्ट खोटी आहे. ती पसरवण्यात माझा हात होता हेही फारसं खरं नाही, फार तर निम्मा असेल. उरलेली निम्मी गोमा पाटलाने पसरवली. त्याला वाटायचं की माझं नाव मोठं झालं तर माझ्या शेजारी बसून चहा पिणाऱ्याचंही थोडं होईल.

पुडी उघडल्यावर मात्र मी सांगायचो. दोन मिनिटांत, आणि शंभरातले नव्वद बरोबर. उरलेले दहा मी इतक्या ठामपणे सांगायचो की तेही बरोबर धरले जायचे.

लोकांना हिरा म्हटलं की शोरूममधला लखलखाट आठवतो. आमच्याकडे यायचा तो कच्चा माल. फुटक्या तुरटीचे खडे म्हणून तुमच्या हातावर ठेवले तर तुम्ही दाढी करून त्यावरून फिरवाल. प्रत्येक खड्याला साल असते. डोंगर पोखरून यंत्राने काढलेला हिरा असला तर त्याच्या कडा धारदार असतात आणि साल काचेसारखी. नदीतून आलेला हिरा लाखो वर्षं वाळूत घासत आलेला असतो. त्याच्या कडा मऊ असतात, अंगावर धुकं असतं, कधी हिरवट, कधी चहाच्या रंगाची झाक. प्रत्येक नदी आपापल्या पद्धतीने घासते. ते वाचायला आलं की झालं. मी वाचायला शिकलो ते पंधरा वर्षं मान खाली घालून. त्यात वासाचा काही संबंध नाही.

काम सकाळी अकरा ते तीन. उत्तरेची खिडकी, पांढरा कागद, चिमटा आणि डोळ्याला लावायची भिंगाची बाहुली, तिला आम्ही आयग्लास म्हणतो. ऊन थेट आलं तर काम बंद, ढग आले तर काम बंद. अशी नोकरी रत्नागिरीच्या बौद्धवाडीतल्या पोराला मिळाली कशी, असं मला माझ्या सासऱ्यांनीही विचारलं होतं. सगळा धंदा गुजरात्यांचा, कारागीर सौराष्ट्रातले, त्यात मी एकटा 'जयभीम' म्हणत गाळ्यात शिरणारा. जयंतीभाई शेठनी मला झाडू मारायला ठेवलं होतं. आमच्यात झाडलेली धूळ टाकत नाहीत, चाळतात, कारण चिमट्यातून उडालेला हिरा पिसवेसारखा असतो, कुठे जाईल सांगता येत नाही. एकदा एक खडा तीन दिवस सापडेना. बारा माणसांनी जमीन चाटली म्हणा ना. चौथ्या दिवशी तो गोमाच्या कानातून निघाला. गोमा म्हणतो मिशीतून. काहीही असो, सापडला मला, आणि शेठनी मला खिडकीजवळ बसवलं.

हा गोमा जवळच्याच चेणे गावचा. घंटीवर बसायचा, म्हणजे हिरा घासायच्या चाकावर. तोंड तंबाखूने भरलेलं, पण बोलला की गाळा ऐकायचा.

आता मुद्द्याचं. नव्वदच्या सुमारास आमच्याकडे एक चमत्कार सुरू झाला, आणि त्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. जगात कुठे लढाई लागली की तेल महाग होतं, गहू महाग होतो. आमचा कच्चा माल लढाई लागली की स्वस्त व्हायचा. आधी माल यायचा तो मोठ्या कंपन्यांच्या खोक्यांतून, इस्त्री केल्यासारखा. मग तो प्लास्टिकच्या पिशव्यांतून येऊ लागला, न निवडलेला, भरपूर. रेडिओवर बातमी लागायची की आफ्रिकेत अमुक ठिकाणी पुन्हा गोळीबार, आणि शेठ चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, "चलो, महिनाभर में माल आयेगा." यायचा. आम्हाला जादा काम मिळायचं. माझं भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतलं घर त्याच वर्षांत झालं. घरात पाय ठेवताना मी कुणाच्या गोळीबाराचा विचार केला नाही. तुम्हीही केला नसता.

कारण साधं होतं. डोंगरातली खाण चालवायला यंत्रं लागतात, वीज लागते, सरकार लागतं. नदीतला हिरा काढायला फावडं आणि चाळण पुरते, आणि पळवायला गाल पुरतो. ज्याच्या हातात बंदूक, त्याच्या हातात नदीचा काठ. ज्याच्या हातात काठ, त्याला उद्याची बंदूक. मग लढाई संपवायची कुणी आणि कशाला? मी हे एकदा जेवणाच्या सुट्टीत गोमाला समजावून सांगितलं. त्याने माझ्या डब्यातली सुकट संपवत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "यात काय नवीन हाय, सकपाळदादा? आमच्या चेण्यात बिल्डर आला तवापासून सख्खा भाव भावाशी बोलत न्हाय. त्यांच्याकडं तर हिरा हाय."

नव्वदीच्या अखेरीस बाहेरच्या देशांना जाग आली. बंडखोरांच्या ताब्यातल्या नद्यांचा माल घ्यायचा नाही, असं ठरलं. खरेदीदार विचारू लागले, माल कुठला, कधीचा? मोठ्या ऑफिसांकडे कागदपत्रं होती. लहान गाळ्यांनी आपली पद्धत काढली. पुडीवर निवडणाऱ्याने लिहायचं: 'जुना साठा', आणि खाली सही. बंदीच्या आधीचा माल, असा त्याचा अर्थ. माझी सही बाजारात चालायची, कारण सकपाळला कुणी विकत घेऊ शकत नाही अशी ख्याती होती. खरं सांगायचं तर तोवर विकत घ्यायला कुणी आलंच नव्हतं.

अशा दिवसांत दोमिंगोश आला.

अंगोलाचा मुलगा. मुंबईत कॉलेजात शिकायला आलेला, भाडं परवडतं म्हणून मिरा रोडला दोघातिघांत खोली घेऊन राहणारा. उंच इतका की आमच्या गाळ्याच्या दारातून वाकून आला आणि आत आल्यावरही तसाच वाकून उभा राहिला. पाच वर्षांत हिंदी चांगली शिकला होता. बाजाराची माहिती शून्य. सकाळचे अकरा वाजलेले, प्रकाश दुधासारखा, शेठ गादीवर, समोर दोन दलाल चहा पीत बसलेले. त्याने खिशातून रुमाल काढला आणि रुमालातून खडा. सुपारीच्या खांडाएवढा. दलालांचे कप हवेतच राहिले.

"किधर का है?" शेठनी विचारलं.

"घर का. दादाजी के टाइम का, पुराना."

शेठनी मान हलवली. असं सगळेच सांगतात. खडा माझ्या कागदावर आला. मी आयग्लास लावली, आणि इथे माझ्यातला शहाणा माणूस उठून बाहेर गेला.

खड्याच्या एका चिरेत माती होती. लाल, आमच्या रत्नागिरीच्या जांभ्यासारखी लाल. आमच्यात ॲसिडमध्ये उकळल्याशिवाय कुणी खडा बाजारात दाखवत नाही. पंधरा वर्षांत मी नदीचा हिरा तिच्या मातीसकट कधी बघितलाच नव्हता. मला इतका आनंद झाला की तो मला पोटात ठेवता येईना.

"शेठ," मी अख्ख्या गाळ्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "हा क्वांगो नदीचा. वरच्या अंगाचा. आणि दादाजी-बिदाजी काही नाही, वर्षही झालं नाही याला बाहेर येऊन. हिऱ्याला तेल प्रिय असतं, घरात चार हातांतून फिरला की तेलकट होतो. हा कोरडा आहे. माती बघा, अजून तशीच आहे."

घंट्यांवरच्या दोघातिघांनी कौतुकाने मान वर केली. गोमाने डोळा मारला. मी खुर्चीत जरा मागे रेललो, आणि तेव्हा माझं लक्ष त्या मुलाकडे गेलं.

तो खड्याकडे बघत होता. "मैंने जानबूझकर नहीं धोया," तो म्हणाला. "गाँव की मिट्टी है."

अंगोलातल्या क्वांगोचा वरचा काठ बंडखोरांकडे होता, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. शेठनी खडा दोन बोटांनी उचलून त्याच्या रुमालावर परत ठेवला. एकटे असते तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं, पण दोन दलाल बसले होते. दलाल म्हणजे चालतं वर्तमानपत्र. जेवणाच्या आत सगळ्या हाटकेशला कळणार होतं, आणि संध्याकाळच्या आत भाईंदरला. शेठनी एक भाव सांगितला, तो भाव नव्हता, भीक होती. मुलाने रुमालाची गाठ मारली आणि वाकून निघून गेला.

"वा, काय वळाखलंस," गोमा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला. "आता त्याला जाऊन सांग, किती हुशार हायस ते."

मी खाली गेलो. तो चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसला होता, चहा न घेता. मी दोन कटिंग सांगितले. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. त्याने सरकून जागा दिली.

त्याचे वडील त्या नदीवर खणायचे. आवडीने नाही. बंदूकवाल्यांनी गावच्या गाव काठावर नेऊन बसवलं होतं, दिवसभर पाण्यात उभं राहून चाळायचं, आणि संध्याकाळी तोंड उघडून दाखवायचं. हा एक खडा त्यांनी तोंड उघडूनही दाखवला नव्हता. कसा, ते त्यांनाच माहीत. ते पुढे वाचले नाहीत. आई आणि बहीण खडा घेऊन चालत सीमेपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत पोचल्या, आणि तिथून तो हातोहात इथवर आला. मामा पोर्तुगालला होता. दोघींना तिथे न्यायचं तर कागद, तिकिटं, मधल्या माणसांची तोंडं. सगळं या खड्यावर.

"छावनी में बीमारी चल रही है, अंकल," तो म्हणाला. "बहन लिखती है, जल्दी करो."

बंदी आली होती ती बंदूकवाल्यांचं नाक दाबायला, आणि माझ्या हुशारीमुळे तिने नाक दाबलं होतं ते एका बाईचं, जिला त्याच बंदूकवाल्यांनी घरातून हाकललं होतं. मी मोठा वाचक. साल वाचली, माती वाचली, पोराचा चेहरा वाचला नाही.

मी वर गेलो. शेठ एकटे होते. म्हटलं, "शेठ, मी चुकलो. खडा जुना आहे."

जयंतीभाई वाईट माणूस नव्हते. पगार त्यांनी कधी एक दिवस उशिरा दिला नाही. पण ते धंद्यात होते. त्यांनी हिशोबाची वही मिटली. "पंधरा साल में पहली बार?"

"हो."

"तो फिर कल दोनों दलालों के सामने बोलो. मेरे कान में बोलकर क्या फायदा."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, दोमिंगोशला खड्यासकट बोलावून घेऊन, मी बोललो. माझ्या बायकोसमोर मी आजवर एक चूक कबूल केलेली नाही, आणि इथे गाळाभर माणसांसमोर सांगत होतो की काल प्रकाश बरोबर नव्हता, डोळ्यात पाणी येत होतं, लाल माती म्हणजे तपकीर असावी. दलाल हसले. घंटीवरचा एक जण म्हणाला, "सकपाळभाई, मेरी बीवी का गाँव भी देख लो, शायद वो भी गलत निकले." मी ऐकून घेतलं. पुडीवर 'जुना साठा' लिहिलं आणि सही केली. खोटी सही करताना हात थरथरतो म्हणतात. माझं अक्षर त्या दिवशी नेहमीपेक्षा चांगलं आलं.

शेठनी भाव सांगितला. बरोबर भाव, एक पैसा कमी नाही. दोमिंगोशने माझ्याकडे बघितलं, मी पापणी मिटली. आता फक्त हातावर हात पडायचा बाकी होता. आणि नेमकं तेव्हा शेठनी गादीखालून एक पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. मूठभर कच्चा माल, प्लास्टिकमध्ये.

"ये भी वैसा ही है," ते सहज म्हणाले. "दादाजी के टाइम का. देख लो, लिख दो, फिर दोनों साथ में निपटाते हैं."

एकदा चुकलेला माणूस पुन्हा चुकू शकतो, हा हिशोब माझ्या ध्यानात आला नव्हता. शेठच्या आला होता. पिशवीच्या तोंडातून दिसत होतं तेवढंच पुरेसं होतं. तीच धुकट साल, तीच चहाची झाक. मूठभर, म्हणजे किती माणसांनी किती दिवस पाण्यात उभं राहायचं याचा अंदाज मला आदल्या दिवशीच मिळाला होता.

दोमिंगोशही बघत होता. त्याने पिशवी ओळखली असं मी म्हणत नाही. पण तो माझ्याकडे वाकला आणि म्हणाला, "अंकल, इसको पुराना मत लिखना."

"लिहिलं नाही तर तुझाही जाईल," मी पुटपुटलो.

"मालूम है. ये उन लोगों का है. मत लिखना."

पंचवीस वर्षांचा पोरगा. आई छावणीत, आणि हे सांगतो आहे. मला राग आला, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं.

"शेठ," मी म्हटलं, "कागदावर एका वेळी एकच माल. तुम्हीच शिकवलंत. आधी हा खडा उचला, सौदा करा, कागद झटकतो, मग पिशवी ओततो. दोन माल मिसळले तर माझी जबाबदारी नाही."

हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. झाडूवाल्यालाही तोच पहिला शिकवतात. शेठला त्यात खोट दिसली नाही, कारण त्यात खोट नव्हतीच. त्यांनी हात पुढे केला, दोमिंगोशने हात दिला, दोन्ही दलालांनी बघितलं. हातावर हात पडला की सौदा पक्का. मग घर जळो की दुकान बुडो, तो फिरत नाही. फिरवणाऱ्याला बाजार पुन्हा उंबरठा चढू देत नाही.

मी कागद झटकला. पिशवी ओतली. आयग्लास लावली, आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"क्वांगो, वरचं अंग, नवा. क्वांगो, नवा. हा दुसऱ्या नदीचा, पण काठ तोच, नवा. क्वांगो." घंट्या एकेक करत थांबल्या. शेठ एकदा म्हणाले, "बस, समझ गया." मी म्हटलं, "राहूद्या शेठ, काल डोळा चुकला होता, आज खात्री करून घेतो." तीन वाजेपर्यंत मी एकेक खडा वाचला. गोमा शपथेवर सांगतो की मी प्रत्येक खड्याच्या खणणाऱ्याचं नावसुद्धा सांगितलं. तेवढं नाही. पण त्या दिवशी एकही खडा मी ठोकून दिला नाही, शंभरातले शंभर बरोबर होते, हे मात्र माझ्याकडून घ्या.

शेठ ओरडले नाहीत. त्यांनी खडे स्वतःच्या हाताने पिशवीत भरले. दलाल उठून गेले तेव्हा ते मला गुजरातीत काहीतरी म्हणाले, त्यात निम्मी शिवी होती आणि निम्मी शाबासकी, आणि कुठली कुठे संपली ते मला कळलं नाही. दोमिंगोशचे पैसे दुसऱ्या दिवशी पूर्ण पोचले.

मला त्यांनी काढलं नाही. पक्क्या मालाच्या टेबलावर बसवलं. पगार तोच, पंखा मोठा. पैलू पडलेल्या हिऱ्याला साल नसते, नदी नसते, माती नसते. तो सगळा एकाच गावचा. ती पिशवी दोन गाळे सोडून पलीकडे गेली. तिथल्या निवडणाऱ्याची नजर अधू होती आणि सही सढळ. दोन महिन्यांनी त्यांच्याकडचा घासलेला माल आमच्याकडे आला, शुभ्र, देखणा. मी आयग्लास लावून बराच वेळ नदीची खूण शोधली. प्रत मांडली, लॉट पुढे दिला. आजही शोरूमच्या काचेसमोर बायको थांबली की मी पुढे चालू लागतो, आणि तिला वाटतं मी खर्चाला भितो.

एका दुपारी दोमिंगोश गाळ्यावर आला आणि मला ओढतच खाली आयएसडीच्या बूथवर घेऊन गेला. आई आणि बहीण मामाच्या घरी पोचल्या होत्या. तो काचेच्या खोक्यात दुमडून उभा, मी अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि गोमा कशाला आला होता कोण जाणे, तोही होता. दोमिंगोश भराभरा बोलत होता, मधूनच हसत होता, मधूनच थांबत होता. मग त्याने रिसीव्हर हाताने झाकला.

"माँ को सब बताया. अंकल ने हमारे लिए एक झूठ बोला और एक सच, दोनों के लिए डाँट खाई." त्याचा चेहरा ओला होता. "माँ पूछ रही है, दोनों में से महँगा कौन सा पड़ा?"

गोमा तंबाखू मळता मळता थांबला. पलीकडे ती बाई वाट बघत होती.

"तिला सांग," मी म्हटलं, "ठेव आता, मीटर पळतोय."

त्याने ते तिच्या भाषेत सांगितलं. काय सांगितलं कोण जाणे, कारण पलीकडून हसू आलं, आणि फोन पुढची दहा मिनिटं कुणी ठेवला नाही.